खुर्द्यात दडलेला इतिहास

भाजीवाली पन्नासाच्या नोटेतून उरलेले पैसे हातावर टेकवते, एस.टी.चा वाहक तिकिटामागे लिहून दिलेले सुटे पैसे उतरताना परत करतो आणि तो खुर्दा न पाहताच खिशात जातो. त्यातल्या एखाद्या अकरा बाजूंच्या दोन रुपयांच्या नाण्यावर छत्रपती शिवरायांची मुद्रा आहे, हे घरी गेल्यावरही कुणाच्या लक्षात येत नाही. १९९९ साली भारत सरकारने हे नाणे काढले. त्याच वर्षी संत ज्ञानेश्वरांचे आणि २००२ मध्ये संत तुकारामांचे एक रुपयाचे नाणे निघाले. लोकमान्य टिळक पाच रुपयांच्या नाण्यावर आले. वारीला निघालेल्या वारकऱ्याच्या कनवटीला तुकोबांचा रुपया असावा आणि त्याला त्याचा पत्ताही नसावा, असे कितीदा घडले असेल!

नाणे हा इतिहासाचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत विश्वसनीय कागद आहे. राज्याभिषेकानंतर शिवरायांनी जे तांब्याचे नाणे पाडले, त्याच्या एका बाजूस ‘श्री राजा शिव’ व दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ ही अक्षरे होती, तीही देवनागरीत. भोवतालच्या सत्तांची नाणी फार्सी लिपीत असताना रायगडावरचा राजा आपले नाव आपल्या लिपीत रयतेच्या तळहातावर ठेवत होता. ही शिवराई केवळ दरबारी मानकऱ्यांसाठी नव्हती. ती बाजारात मीठ-मिरचीसाठी फिरली, पेशवाईतही पाडली गेली. राज्य कोणाचे, हे सामान्य माणसाला तिने जितके सांगितले तितके बखरींनी खचितच सांगितले नसेल.

या पार्श्वभूमीवर आजचे चित्र खटकते. थोर पुरुषांच्या व संस्थांच्या स्मरणार्थ अलीकडे निघणारी नाणी बहुतांशी पंचाहत्तर, शंभर, सव्वाशे रुपयांची असतात. ती व्यवहारात येतच नाहीत. टांकसाळ ती संग्राहकांना मखमली पेटीत घालून, दर्शनी मूल्याहून कितीतरी चढ्या दराने विकते. समारंभ होतो, छायाचित्रे छापून येतात आणि ज्याच्यासाठी हे स्मरण, त्या शेतकऱ्याच्या वा हमालाच्या हाती ते नाणे जन्मात पडत नाही. २०१५ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या १२५व्या जयंतीवर्षात सव्वाशे रुपयांच्या नाण्याबरोबरच दहा रुपयांचे चलनी नाणेही काढले गेले. २०२२ मध्ये स्वातंत्र्याच्या अमृत महोत्सवाची मुद्रा एक रुपयापासून वीस रुपयांपर्यंतच्या नाण्यांवर उमटली. हीच रीत योग्य होती. ती अपवाद का राहावी?

दुसरे दुखणे अज्ञानाचे आहे. ज्याला नाणे वाचता येत नाही, त्याला कोणीही फसवावे. वैष्णोदेवीच्या चित्राचे २०१२ सालचे नाणे घरात असेल तर लाखो रुपये मिळतील, अशा जाहिराती मोबाईलवर फिरतात. मग ‘नोंदणी शुल्क’, ‘कर’, ‘दलाली’ अशा नावांखाली विकणाऱ्याकडूनच पैसे उकळले जातात. असल्या व्यवहारांशी आपला काडीचाही संबंध नाही, असे रिझर्व्ह बँकेला ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर करावे लागले. वास्तविक ही नाणी विपुल आहेत. दुर्मीळता ठरते ती किती नाणी पाडली गेली, कोणत्या टांकसाळीत आणि आज ती कोणत्या स्थितीत उरली आहेत यावर. वर्षाच्या आकड्याखाली चौकट असेल तर नाणे मुंबईचे, तारा असेल तर हैदराबादचे, ठिपका असेल तर नोएडाचे आणि काहीच नसेल तर कोलकात्याचे. एवढे चार धडे शाळेच्या एका तासात शिकवता येतात. (आणि पाचवा गृहिणींसाठी: जुने नाणे चिंच-राखेने लख्ख घासले की त्याची किंमत त्या राखेबरोबर मोरीत जाते!)

याच अज्ञानाची दुसरी बाजू अधिक बोचरी आहे. दहा रुपयांची वेगवेगळ्या रूपांची नाणी पाहून ‘हे खोटे आहे’ अशी आवई उठली आणि दुकानदार, रिक्षावाले ती नाकारू लागले. चौदाही प्रकारची नाणी वैध आहेत, असा खुलासा जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने केला. तोवर दिवसभर राबून मिळालेली नाणी घेऊन दारोदार फिरण्याची पाळी आली ती गरिबावरच. धनिकाचे काहीच अडले नाही.

वेळही थोडा उरला आहे. पंचवीस पैसे व त्याखालील सर्व नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली; गेंड्याची पावली आता आजीच्या डब्यातच सापडते. निकेलमिश्रित जड नाण्यांची जागा हलक्या पोलादी नाण्यांनी घेतली. त्यात २०१६ नंतर मोबाईलवरून पैसे चुकते करण्याची सोय आली आणि चहाच्या टपरीवरही खुर्दा हाताळला जाईनासा झाला. सोय निश्चितच मोठी आहे, तिला नाक मुरडण्याचे कारण नाही. परंतु दोन रुपयांचे शिवरायांचे ते नाणे अजून कुठल्या तरी गल्ल्यात, देवघरातल्या वाटीत, मुलाच्या मातीच्या बँकेत पडून आहे. येत्या रविवारी ती वाटी मुलांसमोर पालथी करावी आणि एकेक नाणे त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्यावे.