पाच स्क्रूंच्या आत

खंडेनवमीला आमच्या कोल्हापुरात उद्यमनगरच्या लेथलाही झेंडूची माळ पडते. यंदा आमच्या पाटावर पुतणीचा लॅपटॉप बसला. हळदकुंकू वाहून होते न होते तोच ती म्हणाली, "काका, पूजा झाली. आता हा जरा पळेल असं करा ना!"

पोरगी सी. ए. ची तयारी करते. वर्षापूर्वी वहिनींनी भिशीचे पैसे मोजून तिला वापरलेला थिंकपॅड एक्स-वन कार्बन घेऊन दिला. सहाव्या पिढीचा, २०१८ सालचा. वजन सव्वा किलोच्या आत. "रॅम काय, पुढं वाढवू की!" असे विकणाऱ्याने हसत सांगितले होते. आता परीक्षा जवळ आली, आठ जीबी रॅम अपुरी पडू लागली, २५६ जीबीची डिस्क काठोकाठ भरली आणि बॅटरी तासाभरात मान टाकू लागली.

शेजारचा एक मुलगा दुरुस्तीचे काम जाणतो. सोप्यात पंचा पसरून तो बसला. आधी यंत्र पुरते बंद केले, चार्जर काढला. तळाचे पाच स्क्रू सैल केले. ते झाकणातच अडकून राहतात, हरवत नाहीत. मग प्लॅस्टिकची पट्टी कडेने फिरवून झाकण अलगद उचलले आणि पहिल्याप्रथम बॅटरीची जोडणी सोडवली. हे विसरले तर एका ठिणगीत सगळा बोर्ड जाऊ शकतो.

"काका, डिस्क बदलंल, बॅटरीबी बदलंल. रॅम मातूर न्हाई. बोर्डालाच डाखलीया."

वहिनी काहीच बोलल्या नाहीत. पदराने नुसता पाट पुसत राहिल्या.

पट्टीसारखी सुटी रॅम बसवायची तर तिला खाच लागते, खाचेला उंची लागते. यंत्र सडपातळ करायचे म्हणून रॅमच्या चिपा थेट बोर्डावर डाखतात. म्हणजे हलकेपणाची किंमत आपण नंतर मोजतो! त्याच कंपनीचा त्याच साली आलेला टी-४८० वजनाने दीड किलोच्या वर. पण त्यात रॅमच्या दोन खाचा आहेत.

शेवटी एक टीबीची डिस्क बसली. २२ मिलिमीटर रुंद, ८० मिलिमीटर लांब, एकाच स्क्रूवर धरलेली. नवी बॅटरीही बसली. रॅम आहे तेवढीच. पुतणीने निमूटपणे ठरवले, व्याख्यान चालू असताना बाकी खिडक्या बंद.

वाचकहो, पाडव्याला असे यंत्र घेणार असाल तर विकणाऱ्याच्या हसण्यावर जाऊ नका. त्या मॉडेलचे दुरुस्तीचे पुस्तक कंपनीच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. 'रॅम सुटी की डाखलेली?' एवढे त्यात पाहा. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तेव्हा विंडोज ११ चालते का, हेही विचारा. आणि बॅटरी फुगून तळ किंवा टचपॅड वर आला असेल, तर स्वतः हात लावू नका.

बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमारास याच गावात सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवला. यंत्राच्या पोटात डोकावायची खोड आमच्या गावाला जुनीच. आम्ही डोकावलो खरे, पण पैसे मोजल्यावर. तुम्ही आधी डोकवा.