आकडे गाळू नका, फॉर्म सुधारा



‘कॅप्टनने फक्त हार-जीत कळवावी, सेटचे आकडे हवेत कशाला?’ ही गेल्या अंकातल्या पत्रातली सूचना मला अजिबात पटली नाही. अमेरिकेतल्या हौशी टेनिस लीगमध्ये मीही कॅप्टन आहे, त्यामुळे पत्रलेखकाचा वैताग मला कळतो. पण इथलं एनटीआरपी मानांकन स्कोअरवरच ठरतं. ६-०, ६-१ आणि ७-६, ७-६ हे दोन्ही विजयच, तरी खेळाडूची पातळी त्यांतून वेगवेगळी दिसते.

त्रास आहे तो नावांचा. दोन एकेरी, तीन दुहेरी, म्हणजे दोन्ही संघांची मिळून १६ नावं. तीही रात्री पार्किंगमध्ये उभं राहून, घामाने भिजलेल्या कागदावरून फोनवर भरायची. तिसऱ्या सेटऐवजी खेळलेला टायब्रेक १०-७ असा संपला तरी नोंद १-० अशी करायची, हे नव्या कॅप्टनला कोणी सांगतही नाही. एकदा माझ्याकडून दुहेरीच्या दोन जोड्यांची अदलाबदल झाली आणि जिंकून आलेल्या मुलीच्या नावावर हार लागली. तिचा चेहरा अजून आठवतो.

सामन्याआधी ठरलेल्या लाइनअपमधली नावं फॉर्ममध्ये आपोआप यावीत, कॅप्टनने फक्त आकडे भरावेत. तोवर दोघा कॅप्टननी कोर्टावरच कागद ताडून सह्या कराव्यात आणि फोटो काढून ठेवावा. आम्ही हल्ली तेच करतो.

– एक कॅप्टन, न्यू जर्सी