पेपर तपासायचा कोणी?

"या दोनांपैकी कोणतं ग्राफिक्स कार्ड भारी?" हा प्रश्न मला अलीकडे वरचेवर ऐकू येतो. सत्तरी ओलांडलेल्या मास्तराला हा प्रश्न का विचारतात, असं तुम्हाला वाटेल. पण आमच्या आणे गावात निवृत्त शिक्षकाला बँकेच्या अर्जापासून पत्रिकेच्या मजकुरापर्यंत सगळंच विचारतात. शिवाय पोरांचं उत्तर आधीच ठरलेलं असतं. त्यांना फक्त वडिलांना पटवणारा माणूस हवा असतो. पठारावर पाण्याची कायम ओढ, कांद्याच्या भावाचा भरवसा नाही, आणि त्यातून कोणी कार्डासाठी तीस हजार बाजूला काढणार असेल तर मी वाचल्याशिवाय तोंड उघडत नाही. वाचलं, आणि वाचून रागच आला.

माझं म्हणणं सरळ आहे. या प्रश्नाला असं सुटं उत्तर नाही. जो ताबडतोब उत्तर देतो, तो एक तर काहीतरी विकतो आहे, नाहीतर विकणाऱ्याचं पाठांतर म्हणून दाखवतो आहे.

कार्डांची तुलना म्हणजे एक परीक्षा. ठरावीक खेळ किंवा चाचणीचा प्रोग्रॅम चालवायचा, सेकंदाला किती चित्रं म्हणजे फ्रेम निघतात ते मोजायचं आणि गुण द्यायचे. आता परीक्षा आली की कॉपी आली, हे मला कोणी शिकवायला नको. २००१ साली 'क्वेक थ्री' हा खेळ म्हणजे कार्डांची जणू वार्षिक परीक्षा होता. एटीआय कंपनीचं रेडिऑन ८५०० त्यात झकास पळायचं. मग काही खटपट्या लोकांनी खेळाच्या फाइलमधलं 'क्वेक' हे नाव बदलून 'क्वॅक' केलं. खेळ तोच, कार्ड तेच. तर वेग खाली आला आणि चित्र मात्र जास्त रेखीव दिसू लागलं! कार्डाचा ड्रायव्हर नाव वाचून ओळखत होता की हा परीक्षेचा पेपर, आणि तेवढ्यापुरतं चित्र ढिसाळ काढून वेग दाखवत होता. इतकी साधी आणि इतकी खट्याळ तपासणी मी उभ्या नोकरीत पाहिली नाही.

एटीआयच्या नावाने कोणी टाळ्या पिटू नयेत. २००३ च्या मे महिन्यात प्रतिस्पर्धी एनव्हिडियाचा ड्रायव्हर 'थ्रीडीमार्क ०३' या चाचणीत असाच सापडला. चाचणीतला कॅमेरा कुठून कुठे फिरणार हे ठरलेलं असल्यामुळे, जे दिसणार नाही ते काढायचंच तो टाळत होता. आयएमपी प्रश्न पाठ करून आलेला विद्यार्थी, दुसरं काय!

पण ही जुनी चोरी लपूनछपून तरी होती. जानेवारी २०२५ मध्ये लास वेगासच्या व्यासपीठावरून एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन ह्वांग यांनी जाहीर केलं की ५४९ डॉलरचं आरटीएक्स ५०७० हे १५९९ डॉलरच्या ४०९० इतकी कामगिरी देईल. एआयशिवाय हे शक्य नव्हतं, असंही ते म्हणाले, पण लोकांच्या ध्यानात राहिली ती बरोबरी. आता आकडे पाहा. ४०९० मध्ये गणितं करणारे १६,३८४ घटक आणि २४ जीबी मेमरी. ५०७० मध्ये ६,१४४ घटक आणि १२ जीबी. मग बरोबरी कशी झाली? नव्या कार्डात एक फ्रेम खरी काढायची आणि तिच्यामागे तीनपर्यंत फ्रेम एआयने अंदाजाने भरायच्या, अशी सोय आहे. ४०९० ला अशी एकच भरता येते. म्हणजे एकाने एक गणित सोडवून तीन उत्तरं अंदाजाने लिहिली, दुसऱ्याला एकच अंदाज लिहायची मुभा, आणि परीक्षकाने दोघांची फक्त उत्तरं मोजली. पहिल्या इयत्तेतलं पोरही म्हणेल, "गुरुजी, हा रडीचा डाव आहे."

"पण गुरुजी, पडद्यावर गुळगुळीत दिसतं ना? मग झालं!" असं एक पोरगा मला म्हणाला. दिसतं, मान्य. बघण्यापुरतं ठीकच आहे. पण तू माऊस हलवलास ते कळतं खऱ्या फ्रेमला, अंदाजाच्या फ्रेमला नाही. उलट दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये भरती करायची तर पुढची फ्रेम थोडी अडवून धरावी लागते, म्हणजे उशीर वाढतो. आणि खेळ सोडून दुसरं काम असेल तर या भरतीचा उपयोग शून्य.

आता दुसऱ्या कामाबद्दलच सांगतो. शेजारचा एक मुलगा पुण्यात इंजिनियरिंगला होता. कांद्याच्या पातीचे फोटो पाहून करपा ओळखणारा प्रोग्रॅम हा त्याचा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प. २०२४ च्या दिवाळीत त्याच्यासमोर दोन कार्डं होती, २०२१ चं आरटीएक्स ३०६० आणि २०२३ चं ४०६०. दुकानदार म्हणाला, नवीन घे, जास्त पळतं. खोटं नव्हतं ते. खेळांमध्ये ४०६० साधारण पंधरा-वीस टक्के पुढे असतं, आणि वीजही १७० ऐवजी ११५ वॅटच खातं. इन्व्हर्टरवर दिवस काढणाऱ्या घरात ही लहान गोष्ट नव्हे. पण ३०६० ची मेमरी १२ जीबी, ४०६० ची ८. कार्ड आणि मेमरी यांच्यातली ये-जा ३०६० मध्ये सेकंदाला ३६० जीबी, ४०६० मध्ये २७२. खेळात ४०६० ही तूट आपल्या चिपवरच्या मोठ्या राखीव साठ्याने भरून काढतं. मोठ्या मॉडेलचं मात्र तसं नाही. ते मेमरीत मावलं तर मावलं, नाहीतर काम मध्येच थांबतं किंवा रखडतं.

आमच्याकडे रंगदासस्वामींच्या पुण्यतिथीला आमटी-भाकरीचा महाप्रसाद असतो. त्या दिवशी पातेलं किती लवकर तापतं याची चौकशी कोणी करत नाही, कढईत किती मावतं ते विचारतात. चार माणसांच्या घरात ती कढई आणणारा मात्र वेडाच म्हणायचा. म्हणून मी त्या मुलाला म्हटलं, "तुझा प्रकल्प पेनड्राइव्हवर घे आणि दुकानात दोन्हींवर चालवून दाखवा म्हण." दोन दुकानांनी हसून वाटेला लावलं. तिसऱ्याने चालवू दिलं. ४०६० वर मेमरी संपल्याचा संदेश येऊन काम बंद पडलं, ३०६० वर सावकाश का होईना, चाललं.

खरी तुलना कशी असते हे पाहायला लांब जायला नको. आमच्याच तालुक्यात खोडदला जीएमआरटीची दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना. तीस जणांनी एकमेकांशी हात मिळवले तर किती हस्तांदोलनं? ४३५. तेवढ्या जोड्यांचे संकेत सतत ताडून पाहावे लागतात. गेल्या दशकात दुर्बीण अद्ययावत झाली तेव्हा एका वेळी पकडायचा पट्टा ३२ मेगाहर्ट्झवरून ४०० मेगाहर्ट्झपर्यंत गेला, आणि या कामाला एनव्हिडियाचीच कार्डं जोडली गेली. तिथला प्रश्न असतो, पुढचा डेटा येऊन थडकण्याआधी हातातला संपतो का? आकाश काही थांबत नाही, आणि अंदाजाने भरलेला संकेत तिथे चालत नाही.

खोक्यावर मात्र फक्त नाव. तेही धड नाही. ३०६० या एकाच नावाने १२ जीबीचं कार्ड आलं, पुढे ८ जीबीचं कमी वेगाचं आलं, आणि लॅपटॉपमध्ये त्याच नावाने ६ जीबी मिळते. शाळेच्या हजेरीपटात एकाच नावाचे तिघे असले तर आम्ही वडिलांचं नाव लिहायचो. या कंपन्यांना तेवढंही का लिहवत नाही?