मोहिनीराज

गळीत हंगाम सुरू झाला की सोनईच्या रस्त्यांवरून ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग हटत नाही. मुळा कारखान्याकडे निघालेल्या या ट्रॉल्यांच्या मागच्या फळीवर मालकाच्या पोरांची नावं रंगवलेली असतात. स्वराज, शिवांश, साईराज, राजवीर. आमच्या भागात हल्ली मुलांची नावं काय ठेवतात हे कळायला दुसरी यादी लागत नाही, ट्रॉलीमागं दहा मिनिटं गाडी अडकली की पुरे. पुढं ट्रॅक्टरच्या कपाळावर देव असतो. श्री शनैश्वर प्रसन्न, श्री रेणुकामाता प्रसन्न आणि अधूनमधून श्री मोहिनीराज प्रसन्न. मोहिनीराज हे नाव मला पुढं दिसतं, मागं मात्र दिसत नाही.

एके काळी ते मागंही दिसलं असतं. साठी-सत्तरीतले मोहिनीराज नेवासे तालुक्यात अजून भेटतात. कुणाला घरी मोहन म्हणतात, कुणाला राजाभाऊ. सातबाऱ्यावर आणि मतदारयादीत पूर्ण नाव असतं, तेही एका कागदावर मोहिनीराज तर दुसऱ्यावर मोहनीराज. शाळकरी वयाचा मोहिनीराज मात्र मला शोधून सापडत नाही, आणि याची मला मनापासून चुटपुट लागते. कारण आपल्या मुलखात इतकं देखणं आणि इतकं आपल्याच मातीचं नाव दुसरं नाही, असं माझं मत आहे.

मध्यंतरी आमच्या भावकीत मुलगा झाला. पूर्वा नक्षत्राचा पहिला चरण, सिंह रास, म्हणजे अक्षर 'मो'. तरुण मंडळींनी मोबाइलवरून नावं काढली. मोहित, मोहन, मोक्ष, मोरेश्वर. घुगऱ्यांसाठी हरभरे निवडत बसलेल्या थोरल्या चुलतीनं मान वर न करता सांगितलं, "मोहिनीराज ठेवा की. आपला कुलस्वामी आहे."

सगळे गप्प. मग बाळाची आई हळूच म्हणाली, "पण मोठ्या आई, मोहिनी तर मुलीचं नाव ना? शाळेत चिडवतील त्याला."

"मोहिनी मुलीचं. मोहिनीराज देवाचं," चुलती म्हणाली आणि सुपातला खडा वेचून बाजूला टाकला.

चुलतीचं उत्तर एवढंच होतं, पण त्यामागची कथा मोठी आहे आणि ती आमच्याच रस्त्यांवर घडली असं आम्ही मानतो. समुद्रमंथनातून अमृत निघालं, देव-दानवांत भांडण लागलं, तेव्हा विष्णूनं मोहिनीचं रूप घेतलं आणि पंगत बसवून अमृत वाढलं. ती पंगत नेवाशाला बसली. एक दानव वेष पालटून सूर्य आणि चंद्राच्या मध्ये येऊन बसला, त्यानं घोट घेतला, शेजाऱ्यांनी त्याला ओळखलं आणि विष्णूनं सुदर्शनानं त्याचं मुंडकं उडवलं. मुंडकं जिथं पडलं ती राहुरी. धड, म्हणजे काया जिथं पडली ते गोदाकाठचं कायगाव. नकाशा समोर घेतला तर नेवासे आणि राहुरी यांच्यामध्ये आमची सोनई येते. लहानपणी ही गोष्ट ऐकली की आम्ही पोरं आभाळाकडं बघायचो. राहूचं डोकं आपल्याच गावावरून गेलं असणार, याबद्दल आमच्या मनात शंका नव्हती. पाच-सहा किलोमीटरवर शिंगणापूरला शनी, पलीकडं राहुरीला राहू. नवग्रहांतले दोन तर आमच्या शेजारालाच आहेत.

वाढून झाल्यावर मोहिनी जिथं राहिली, तिथं तिला 'राज' म्हणून पुजलं. नेवासे खुर्दला मोहिनीराजाचं दगडी मंदिर आहे. होळकरांचे दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी ते अठराव्या शतकात बांधलं. आतलं दैवत भाविक अर्धनारीनटेश्वर रूपात बघतात. देव म्हणावं तर देव, देवी म्हणावं तर देवी. नवस बोलणारा शेतकरी गाभाऱ्यासमोर उभा राहून यावर खल करत बसत नाही. हात जोडतो आणि "मोहिनीराजा" अशी हाक मारतो.

दैवत किती जुनं याचा एक आधार तर थेट ज्ञानेश्वरीत आहे. शके १२१२ म्हणजे १२९० साली ज्ञानदेवांनी नेवाशाला खांबाला टेकून गीतेवरची टीका सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. तो खांब, ज्याला आपण पैस म्हणतो, आजही तिथं आहे. ग्रंथाच्या शेवटी ज्ञानदेवांनी यादव राजा रामचंद्राच्या राज्याचा उल्लेख केला, गोदावरीच्या दक्षिण काठच्या या पंचक्रोशीचं वर्णन केलं आणि जगाचं जीवनसूत्र जिच्या हाती आहे ती श्रीमहालया इथं असते, असं सांगितलं. ही महालया म्हणजेच नेवाशाची म्हाळसा, म्हणजेच आपला मोहिनीराज, असं मानलं जातं. मराठीतला सर्वांत लाडका ग्रंथ ज्या दैवताच्या साक्षीनं पुरा झाला, त्या दैवताचं हे नाव आहे. अक्षर 'मो' आलेल्या घराला यापेक्षा जास्त काय हवं?

म्हाळसा हा शब्द आला की खंडोबा आठवतोच. खंडोबाची म्हाळसा ही नेवाशाच्या तिमशेट वाण्याची लेक, असं जागरणातली वाघ्या-मुरळी मंडळी सांगतात. शिर्डीच्या खंडोबा मंदिराचे पुजारी म्हाळसापती यांचं नाव त्याच कुळातलं. म्हाळसापती म्हणजे खंडोबा. त्यांनी देवळापाशी आलेल्या एका तरुण फकिराला "आवो साई" म्हणून बोलावलं आणि त्या फकिराला जन्माचं नाव मिळालं. गंमत बघा, नाव देणाऱ्याचं नाव आज एखाद्या घरात सापडलं तर सापडलं आणि त्यानं दिलेलं नाव घराघरांत आहे. साईनाथ, साईराज, साईप्रसाद, नुसता साई. शिर्डीला रेल्वे आली, विमानतळ झाला, १९७७ च्या हिंदी चित्रपटानं बाबांना देशभर नेलं आणि नाव त्या सगळ्यांबरोबर फिरलं.

नावं कशी पसरतात याचा विचार केला तर आमचा जिल्हा मोठा बोलका आहे. नवनाथ, मच्छिंद्र, गोरक्षनाथ, कानिफनाथ, जालिंदर, गहिनीनाथ ही नावं इथं गावोगाव आहेत. मढी, वृद्धेश्वर, मायंबा ही नाथांची ठाणी जवळ म्हणून तर खरंच, पण त्याहून जास्त श्रेय धुंडिसुत मालूच्या 'नवनाथ भक्तिसार' या पोथीला आहे. श्रावणात घरोघर तिचं पारायण चालतं. पोथी कानावर पडते, नावं तोंडात बसतात आणि पुढच्या बारशाला ती पाळण्यात येतात. पुणतांब्याला चांगदेवांची समाधी आहे, म्हणून त्या बाजूला चांगदेव नावाची माणसं भेटतात. मोहिनीराज मात्र पोथीतून किंवा पडद्यावरून पसरला नाही. तो कुळातून चालत आला. ज्यांचा कुलस्वामी त्यांच्या घरी आजोबाचं नाव नातवाला, अशी ती वाट. आजोबाचं नाव नातवाला ठेवायची रीत सुटली आणि वाटच मोडली. नाव नावडतं झालं म्हणून कुणी टाकलं नाही. ते पुढं न्यायचं काम ज्या रीतीकडं होतं ती गेली.

उरली ती मुलीच्या नावाची भीती. मला ही भीती खरी वाटते, आईच्या पोटात कालवलं तर तिला दोष देता येणार नाही. पण जरा गोव्याकडं बघा. नेवाशाची म्हाळसा गोव्यात गेली, अशी तिकडच्या भाविकांची श्रद्धा आहे. आधी ती वेर्ण्याला होती. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते देऊळ पाडलं, तेव्हा भक्तांनी तिला फोंड्याकडं मार्दोळला नेलं. तिथं ती म्हाळसा नारायणी आहे, पूर्ण देवी. तिच्या हातात कापलेलं मुंडकं आहे आणि राहूला मारणारी म्हणून तिला राहुमथनी म्हणतात. आणि या देवीच्या अंगावर जानवं असतं, कारण ती विष्णू आहे. एकच दैवत इकडं राजा झालं, तिकडं देवी झालं आणि दोन्हीकडच्या माणसांनी त्याला मनापासून आपलं म्हटलं.

आमच्या शेजारच्या शिंगणापूरला बायकांनी चौथऱ्यावर जायचं की नाही यावरून किती वादंग झाला, ते सगळ्या देशानं पाहिलं. २०१६ च्या एप्रिलमध्ये ती बंदी उठली. त्याच तालुक्यात बाईचं रूप घेतलेला देव शेकडो वर्षं राजा म्हणून मिरवतोय, हे सांगायला त्या दिवसांत कुणी पुढं आलं नाही. मला तेव्हा फार वाटलं होतं की कुणीतरी सांगावं. ज्या मुलाचं नावच मोहिनीराज आहे त्याला बाई आणि पुरुष यांच्यातली भिंत केवढी खरी, हा प्रश्न लवकर पडेल आणि उत्तरासाठी त्याला लांब जावं लागणार नाही. चिडवणारा एखादा निघेलच. पण त्याला सांगायला या मुलाकडं राहुरीची, कायगावची आणि सूर्य-चंद्राच्या चहाडीची गोष्ट असेल. अशी गोष्ट सांगणाऱ्या पोराभोवती वर्ग गोळा होतो, हे मी मास्तरकीच्या वर्षांत पाहिलं आहे.

आमच्या भावकीतल्या बाळाचं काय झालं तेही सांगतो. दाखल्यावर मोक्ष लागलं. पण बारशाच्या दिवशी बाळाला पाळण्याच्या खालून-वरून फिरवून झाल्यावर आत्यानं त्याच्या कानाशी वाकून आधी मोहिनीराज म्हटलं आणि मग मोक्ष. बायकांनी आत्याच्या पाठीत धपाटे घातले, दोनदा, कारण नावं दोन. बाळाची आई हसत होती. पुढं तोच मुलगा कोणतं नाव चालवतो ते तो ठरवेल. चुलती मात्र त्याला दुसऱ्या दिवसापासून "राजा" म्हणून हाक मारायला लागली आहे.

माघ महिन्यात नेवाशाला मोहिनीराजाची यात्रा भरते. लांबून लांबून कुळं येतात, पुण्याची, नाशिकची, मुंबईची. यंदा मी तिथं भेटेल त्याला एकच विचारणार आहे, तुमच्या घरात विशीच्या आतला मोहिनीराज आहे का? वाचकांपैकी कुणाच्या घरी असेल तर या सदराच्या पत्त्यावर जरूर कळवा. त्याचं नाव कुणी ठेवलं आणि घरात त्याला काय म्हणतात, तेही लिहा.