चाकांवरचं घर आणि अर्ध्या इंचाची नळी

चार वर्षांत आपण 'फ्लो थ्रू पाइप्स' किती वेळा सोडवतो? डार्सी-वाइसबाक, फ्रिक्शन फॅक्टर, मूडी चार्ट... व्हायव्हात विचारलं तर झोपेतही सांगू. पण त्या पाइपला जोड कसा मारतात, तो कशाने सुटतो आणि सुटल्यावर कोण, कुठे बसून, कोणत्या हत्याराने तो नीट करणार, हा प्रश्न पेपरात कधी येत नाही. माझं स्पष्ट मत आहे की नळी निवडताना पहिला प्रश्न हाच असायला हवा. उदाहरण जरा लांबचं घेतो, अमेरिकेतल्या ट्रॅव्हल ट्रेलरचं.

ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे गाडीच्या मागे जोडून ओढायचं घर. बेड, किचन, संडास-बाथरूम, गीझर, पाण्याची टाकी, १२ व्होल्टचा पंप, सगळं आत. (आपल्याकडच्या व्हॅनिटी व्हॅनचा दूरचा चुलतभाऊ म्हणा!) यातले बहुतेक इंडियाना राज्यातल्या एल्कहार्टच्या आसपास तयार होतात. नाव घर असलं तरी ते हायवेवर तासन्‌तास हादरत जातं, हिवाळ्यात शून्याखाली उघड्यावर उभं राहतं आणि दर मुक्कामाला नव्या गावच्या नळाला जोडलं जातं. कुठे प्रेशर ४० पीएसआय, कुठे शंभरच्या घरात. क्लोरीनचं प्रमाणही जागोजागी वेगळं. साध्या घरातल्या पाइपला जन्मभरात होत नाही तेवढा जाच इथल्या नळीला दोन-चार सीझनमध्ये होतो.

या जाचात एक मटेरियल कसं नापास झालं ते आपल्या सिलॅबसमध्ये यायला हवं होतं. पॉलिब्युटिलीन. साधारण १९७८ ते १९९५ या काळात अमेरिकेत घरं, मोबाइल होम आणि ट्रेलर यांत ही राखाडी नळी धडाधड बसवली गेली. तांब्यापेक्षा स्वस्त, वाकणारी, बसवायला सोपी. कारखानदाराला अजून काय पाहिजे? पण पाण्यातलं क्लोरीन नळीला आणि तिच्या अॅसिटल प्लॅस्टिकच्या जोडण्यांना आतून ठिसूळ करत होतं. बाहेरून नळी ठणठणीत दिसायची आणि एक दिवस अचानक चीर जायची. शेवटी कॉक्स विरुद्ध शेल या खटल्यात १९९५ साली सुमारे ९५ कोटी डॉलरची तडजोड झाली. लक्षात घ्या, सुरुवातीचं प्रेशर झेलायला हे मटेरियल कमी पडलं नव्हतं. ते कमी पडलं रोजच्या साध्या नळाच्या पाण्यापुढे, वर्षानुवर्षं.

हा विषय सुचला तो आपल्याच हॉस्टेलच्या एका सीनियरमुळे. त्याने तिकडे १९९१ सालचा सेकंडहँड ट्रेलर घेतला. सिंकखालचा राखाडी एल्बो गळायला लागला तेव्हा त्याने फोटो पाठवून विचारलं, "तेवढाच तुकडा बदलू की सगळी लाइन काढू?" आमच्या रूममध्ये दोन तट पडले. एक म्हणाला, तीस वर्षं टिकलंय म्हणजे पुढेही टिकेल. हे लॉजिक मला अजिबात पटत नाही. तो ट्रेलर तीस वर्षांत किती महिने खरोखर वापरात होता, कुठलं पाणी प्यायला, हे कोणाला माहीत? शिवाय गळणारा एल्बो सुटा नाही. त्याच दिवशी, त्याच पेटीतून काढलेले त्याचे भाऊ भिंतीमागे बसलेत. प्लायमागे महिनाभर थेंब-थेंब गळलं की खालची जमीन आणि लाकडी सांगाडा कुजतो, आणि ते दुरुस्त करण्यापेक्षा ट्रेलर भंगारात घातलेला परवडतो. सगळी लाइन काढ, असंच मी सांगितलं. घाईत तुकडा जोडायचाच असेल तर मध्ये दोन मटेरियलसाठी बनवलेली वेगळी कपलिंग लागते, कारण दोन्ही नळ्यांचा बाहेरचा व्यास सारखा असला तरी भिंतीची जाडी सारखी नाही.

आता बदलून घालायचं काय? तांबं कडक आणि महाग, गोठलं की फुटतं. आपल्याकडचा लाडका सीपीव्हीसी हादऱ्यांनी जोडापाशी तडकतो आणि सोल्युशन सुकायला वेळ मागतो. पारदर्शक व्हायनल होज पंपाच्या तोंडाशी चांगली, कारण ती थरथर गिळते; पण गरम पाण्याच्या लाइनला लावाल तर मऊ पडून क्लिपमधून निसटेल. राहिलं पेक्स, म्हणजे क्रॉस-लिंक्ड पॉलिएथिलीन. २३ अंश सेल्सिअसला १६० पीएसआय आणि ८२ अंशाला १०० पीएसआय हे त्याचं नेहमीचं रेटिंग. वाकतं, हादरे सोसतं. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं तेवढं बहुतेक वेळा तेही फुगून परत येतं, मात्र त्यावरची जोडणी फुटू शकते. म्हणून थंडीआधी लाइन रिकामी करणं चुकत नाही. (अँटिफ्रीझ घालायचं तर प्रॉपिलीन ग्लायकॉलचं, पिण्याच्या लाइनसाठीचं. गाडीतलं इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे, ते चुकूनही नको.) लाल नळी गरमची, निळी गारची, एवढाच रंगाचा अर्थ, माल एकच.

खरी मेख जोडात. पेक्सला कुठलंही सोल्युशन चिकटत नाही, त्यामुळे आतलं खाचांचं तोंड आणि बाहेरून आवळलेली रिंग यांच्यावर सगळी भिस्त. तांब्याची क्रिम्प रिंग उत्तम, पण तिच्या हत्याराचे दांडे लांब. सिंकखालच्या खबदाडात ते उघडतच नाहीत. कारखान्यात भिंत लागायच्या आधी जोड मारणाऱ्याला हा प्रॉब्लेम दिसतच नाही. स्टेनलेसची कानवाली क्लॅम्प एका हाताने दाबता येते आणि एकच हत्यार सगळ्या साइजना चालतं. दुरुस्ती करणाऱ्याने हीच घ्यावी. दाबून बसवायच्या आणि हाताने आवळायच्या जोडण्या दोन-तीन जवळ ठेवाव्यात, रात्री-बेरात्री रस्त्यात कामाला येतील. पण कायमच्या म्हणून बंद भिंतीमागे मी त्या ठेवणार नाही. नळी चौकोनी कापायची, हॅकसॉने नाही, कटरने. आणि ताणून बसवायची नाही: ६ मीटरची लाइन ४० अंशांच्या फरकाने सुमारे ४ सेंटीमीटर लांब-आखूड होते. ही गणितं आपण करतो की! फक्त उत्तराखाली दोन रेघा मारून पान उलटतो.

कोणी म्हणेल, हे प्लंबरचं काम. हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. भिंतीत गाडलेला पाइप ज्याने ड्रॉइंगवर काढला तो प्लंबर नव्हता. एका जोडासाठी अख्खी टाइल फोडताना बिचारा सुतळी-सफेद्यावाला शिव्या देतो त्या आपल्याच जमातीला. ट्रेलरमध्ये दोन स्क्रूवर निघणारी एक फळी पंपासमोर ठेवली, तर मालकाचा एक दिवस वाचतो. ती फळी ठेवायची की नाही हे डिझायनर ठरवतो.

फर्स्ट इयरला आपण फिटिंगचा जॉब आठवडेच्या आठवडे घासत बसतो. त्यातला एक दिवस वर्कशॉपने या जोडांना द्यावा, अशी सरांना विनंती आहे. प्रत्येकाने एक जोड मारावा, गेजने तपासावा, प्रेशर द्यावं आणि मग तो उभा कापून आत पाहावं. सीनियरने तर लाइन बदलून झाल्यावर टेस्टही घेतली, तीही बिनखर्चाची: बाहेरचा नळ तोडला, आतले सगळे नळ बंद केले, पंप चालू ठेवला आणि झोपला. पंप प्रेशर धरून गप्प बसला तर ठीक. मध्यरात्री आपोआप दोन सेकंद गुरगुरला, तर टॉर्च घेऊन सिंकखाली.

– तृतीय वर्ष, मेकॅनिकल