प्रवेशाचे भाकीत आणि कुंभारीची मुले

अभियांत्रिकीच्या सामायिक प्रवेश परीक्षेचा निकाल लागला की सुशिक्षित घरांतून एकच पृच्छा सुरू होते. "एवढ्या पर्सेंटाइलला पुण्याचे सीओईपी मिळेल काय? सांगलीचे वालचंद तरी?" पृच्छा स्वाभाविक आहे. परंतु तिचे उत्तर ज्या रीतीने शोधले जाते, ती रीत चिंताजनक होय. कोणी शेजाऱ्याच्या अनुभवावर विसंबतो, कोणी शिकवणीचालकाच्या आश्वासनावर, तर कोणी पैसे मोजून सल्लागाराकडून भाकीत विकत घेतो. वस्तुतः या भाकितामागील गणित गूढ नाही, आणि त्याची साधने शासनाच्या प्रवेश परीक्षा कक्षाने सर्वांस विनामूल्य खुली ठेवली आहेत.

प्रथम पर्सेंटाइल म्हणजे काय ते नीट समजून घेतले पाहिजे. ते गुणांचे शेकडा प्रमाण नव्हे. ते रांगेतील स्थान होय. समजा, चार लाख विद्यार्थी परीक्षेस बसले. तर ९९ पर्सेंटाइलवाल्याच्या पुढे सुमारे चार हजार विद्यार्थी असतात आणि ९८ वाल्याच्या पुढे सुमारे आठ हजार. म्हणजे एका अंकाच्या फरकाने चार हजारांची गर्दी मध्ये उभी राहते. '९५ मिळाले, आता चिंता नाही' असे म्हणणाऱ्या पालकाने हा हिशेब एकवार मांडून पाहावा.

दुसरी गोष्ट मागील वर्षीच्या 'कटऑफ'ची. ती त्या वर्षी शेवटचा प्रवेश ज्याला मिळाला त्याची नोंद आहे. यंदाच्या विद्यार्थ्यास दिलेले वचन नव्हे. शिवाय ती शाखेगणिक, प्रवर्गागणिक आणि फेरीगणिक बदलते. मुलींसाठीच्या जागांची रेषा वेगळी असते, आणि स्वविद्यापीठ व अन्य विद्यापीठ या भेदाने सोलापूरच्या विद्यार्थ्यास एक रेषा सोलापुरात लागू होते, तर दुसरी पुण्यात. म्हणून एकाच वर्षाचा एकच आकडा पाहू नये. आपल्या प्रवर्गाच्या व शाखेच्या तीन वर्षांच्या याद्या समोर ठेवाव्यात, आणि अवघड, शक्य व बहुधा निश्चित असे महाविद्यालयांचे तीन गट करावेत. याहून अधिक अचूक भविष्य कोणताही सल्लागार सांगू शकत नाही.

तिसरी गोष्ट पसंतिक्रमाची. गुणवत्ता यादीत ज्याची पाळी येते त्याच्या पसंत्या वरून खाली तपासल्या जातात. त्यामुळे अवघड महाविद्यालय वर लिहिल्याने खालचे हातचे जात नाही. मनात सीओईपी असता भीतीपोटी सोपे महाविद्यालय प्रथम लिहिणे हा शुद्ध आत्मघात होय. २०२५ च्या प्रवेशात तर पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाल्यास तीच कायम, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनांपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी मिळालेली कायम, असा नियम होता. अशा व्यवस्थेत वरचे स्थान केवळ खऱ्या इच्छेलाच दिले पाहिजे.

हे सारे आमच्या वाचकांपैकी पुष्कळांस ठाऊक असेल. प्रश्न ज्यांना ते कोणी सांगत नाही त्यांचा आहे. सोलापूरलगतच्या कुंभारीकडे पाहा. तेथे विडी कामगार स्त्रियांसाठी उभारलेली गोदूताई परुळेकर वसाहत तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते २००६ मध्ये कामगारांच्या स्वाधीन झाली. त्याच गावाच्या परिसरात रे नगरची पंधरा हजार घरे जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते देण्यात आली. डोक्यावर छप्पर आले. आता त्या छपराखाली अभ्यास करणारी मुले प्रवेशाच्या दाराशी येत आहेत. दिवसभर विड्या वळणाऱ्या आईने पसंतिक्रमाचे नियम कोणास विचारावेत? जातवैधता किंवा नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र मुदतीत न मिळाले, तर गुण असूनही राखीव प्रवर्गाची जागा जाते, हे तिला कोणी सांगावे? वार्षिक आठ लाखांपेक्षा कमी उत्पन्नाच्या घरांतील इतर मागास, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी २०२४ पासून शिक्षण व परीक्षा शुल्काची माफी आहे, ही वार्ता त्या गल्लीत कोणी पोचवावी?

राज्यात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना १९८३ मध्ये द्वार खुले झाले, तेव्हा जागांचा तुटवडा हटेल अशी आशा होती. जागा वाढल्या खऱ्या. परंतु मोजक्या नामांकित संस्थांपुढची गर्दी हटली नाही. जेथे गुणांच्या जोडीला माहितीही लागते, तेथे माहितीचा अभाव हाच गरिबाच्या मुलावरील अन्याय ठरतो.

उपाय खर्चाचा नाही. प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयाने निकालानंतर आठ दिवस विनामूल्य मार्गदर्शन कक्ष चालवावा. अकरावीतच प्रमाणपत्रांची यादी पालकांच्या हाती द्यावी. आणि सोलापूरच्या अभियंत्यांनी व प्राध्यापकांनी कुंभारीसारख्या वसाहतींत जाऊन एक रविवार खर्चावा. आपल्या मुलासाठी जो हिशेब आपण रात्ररात्र जागून मांडतो, तोच शेजारच्या मुलासाठी तासभर मांडला तर आपले काही उणे होणार नाही. त्याचे मात्र सारे आयुष्य बदलू शकेल.