पाणी आपलं, पोहणं मात्र त्यांचं

बचत गटाच्या बैठकीत मी सहज विचारलं, "पोहायला कुणाकुणाला येतं?" तेवीस जणींमध्ये दोन हात वर आले. त्यातला एक अर्धाच. "लहानपणी यायचं. न्हाण आल्यावर आईने बंद केलं," ती म्हणाली. या बायका काळबादेवीच्या खाडीत ओहोटीला कमरेएवढ्या पाण्यात उतरून मुळे-तिसऱ्या काढणाऱ्या. त्यांच्या घरातल्या झाडून साऱ्या मुलग्यांना पोहता येतं.

आपल्या कोकणात मुलग्याला पोहायला शिकवायला पैसे लागत नाहीत. मे महिन्याची सुट्टी, विहीर, पाठीला वाळका भोपळा नाहीतर रिकामा डबा, आणि ढकलून द्यायला एखादा मामा. चार दिवस नाकातोंडात पाणी जातं, पाचव्या दिवशी पोरगा हात मारायला लागतो. बहीण त्याच विहिरीचं पाणी शेंदते, काठावर कपडे धुते. पाण्याचं काम तिचं, पाण्यातला खेळ त्याचा. कुणी बंदी घातली असं नाही. तिला कुणी उतर म्हटलंच नाही, एवढंच.

हा विषय मी आमच्या कार्यकर्त्यांपुढे मांडला तेव्हा एक जुनी मैत्रीण चिडली. "पोटगीच्या केसेस पडल्यात, मारहाणीच्या पडल्यात, आणि तुला पोहणं सुचतंय? शहरी चोचले!" तेव्हा मी गप्प बसले. आज उत्तर देते आहे.

२००४ च्या डिसेंबरात त्सुनामी आली. ऑक्सफॅमने मार्च २००५ मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार तामिळनाडूच्या कडलूर जिल्ह्यात ३९१ बायका मेल्या आणि १४६ पुरुष. कारणं अनेक होती. पुरुष होड्या घेऊन खोल समुद्रात होते, तिथे लाट कळतही नाही. बायका किनाऱ्यावर मासळीची वाट पाहत होत्या. कित्येकींच्या कडेवर पोरं होती. पण पोहणं आणि झाडावर चढणं मुलग्यांना येतं, मुलींना येत नाही, हेही एक कारण नोंदलं गेलं. आपण किनाऱ्यावरच राहतो. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं, ते आपल्याच जिल्ह्यात. पोहता येणारी बाई प्रत्येक पुरातून वाचेल असं मी म्हणत नाही. धावत्या पाण्यापुढे पट्टीचा पोहणाराही हरतो. पण घाबरून हातपाय झाडणं आणि उताणं होऊन तरंगत राहणं यात फरक आहे.

"पाय घसरून विहिरीत पडली" हे वाक्य पंचनाम्यात आलं की आपण संशय घेतो, आणि घ्यायलाच हवा. पण काही जणींचा पाय खरोखरच घसरतो, हेही कधीतरी बोलायला हवं.

मी स्वतः तिशी उलटल्यावर शिकले. हात मारणं फार पुढची गोष्ट. आधी श्वास: तोंडाने घ्यायचा, पाण्याखाली नाकातोंडाने सोडायचा. हे जमायला मला आठवडा लागला. मग तरंगणं. छाती हवेने भरली, मान सैल सोडली की अंग आपोआप वर येतं. बाईच्या अंगात सरासरीने पुरुषापेक्षा चरबी जास्त, म्हणून तरंगणं बाईला सोपं. ज्या मांड्यांची आयुष्यभर लाज वाटली त्याच मला धरून ठेवत होत्या! मग बेडकासारखे पाय मारायला शिकवलं आणि गाडी अडली. गुडघे दुमडून, पाय फाकवून, मागे ढकलायचे. "पाय जुळवून बस" हे इतकी वर्षं ऐकलेलं अंग ऐकेचना. शिकवणारी बाई म्हणाली, "सगळ्याजणी इथेच अडतात." मुलग्यांना हा धडा कुणी वेगळा देत नाही, हे तिनेच सांगितलं.

तलावावर मला पोहण्याचा पोशाखच हवा म्हणून अडवलं होतं. स्वच्छतेचा मुद्दा मला मान्य आहे. पण बाई पाण्यात पडते ती साडीनिशी पडते. ओली साडी पायांना वेढते, पाय मारू देत नाही. म्हणून एकदा तरी अंगावरच्या कपड्यांत सराव हवाच. आणि दुसऱ्याला वाचवायला उडी मारण्याआधी काहीतरी फेकायला शिकायला हवं. ऑगस्ट २०२० मध्ये तामिळनाडूच्या पेरंबलूर जिल्ह्यात, कोट्टरै धरणावर चार तरुण बुडताना पाहून तीन बायकांनी अंगावरच्या साड्या सोडून पाण्यात फेकल्या. दोघं वाचले, दोघं गेले. त्या क्षणी कोण बघतंय याचा विचार त्या तिघींनी केला नाही. आपल्याला करावासा वाटला असता का, हे मी स्वतःला अनेकदा विचारलं आहे.

बांगलादेशात गावच्या तळ्यात बांबूचा मांडव बांधून मुलामुलींना २५ मीटर पोहायला शिकवतात. आपल्याकडे विहिरी आहेत, तळी आहेत. ग्रामसभेत मागणी करायची ती एवढीच: एप्रिल-मे मध्ये बायका-मुलींसाठी राखीव वेळ आणि शिकवायला बाई. समुद्र नको, पावसाळा तर नकोच.

अर्धा हात वर करणारी ती बाई आता आमची पहिली शिक्षिका आहे. एका विहिरीच्या मालकाने दुपारी दोन ते चार ही वेळ द्यायचं कबूल केलंय, मुलग्यांनी तोवर तिकडे फिरकायचं नाही या अटीवर. नावं सोळा आली आहेत, त्यात दोघी सासू-सुना. वाळके भोपळे मात्र पाचच मिळालेत. कुणाच्या माळ्यावर असतील तर कळवा.